उन्हाळा आला की टाके का पाकतात? नळापासून ग्लोव्हपर्यंतची तपासणी

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की आमच्या ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, पेशंटचे टाके पाकायला लागायचे. सलग तीन वर्षं हेच. सिझरची बाई पाचव्या दिवशी घरी जायच्या तयारीत, पिशव्या भरलेल्या, बाळाला टोपडं घातलेलं, आणि निघण्याआधी ड्रेसिंग उघडावं तर टाक्याच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपतंय. दोन दिवसांनी तिथंच हिरवट पू. गर्भाशयाची पिशवी काढलेल्या एका आजींचा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "सिस्टर, मायना टाका पाकी ग्यात." आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती, आणि तीच मला जास्त लागली. ती जखम भरायला पुढे दीड महिना गेला. रोज ड्रेसिंग, रोज रिक्षाचं भाडं, आणि पेरणीच्या तोंडावर घरातलं एक माणूस दवाखान्यात अडकलेलं.

मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावात ओटी इन्चार्ज सिस्टर आहे. ओटीत बावीस वर्षं झाली. टेबलं दोन, ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) एक, हात धुवायच्या बेसिनवर दोन नळ. हा त्रास कसा शोधला, आधी कुठं कुठं चुकीच्या जागी शोधला, ते सविस्तर लिहिते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी छोट्या ओटींत पाण्याची, विजेची आणि उन्हाची परिस्थिती आमच्यासारखीच आहे, त्यामुळे उत्तरंही बरीचशी सारखीच निघतील.

आधी आम्ही काय केलं आणि ते का लागू पडलं नाही

टाके पाकले की सगळ्यांचा पहिला हात फॉर्मलिनकडे जातो. आमचाही गेला. ओटी बंद, दाराच्या फटींना टेप, रात्रभर धूर, सकाळी डोळे चुरचुरत आत शिरायचं आणि समाधान वाटायचं की आता झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पू. जखमेतले जंतू सहसा हवेतून उडत येत नाहीत. ते पेशंटच्या कातडीवरून येतात, आपल्या हातांवरून येतात, हत्यारांवरून, कापडावरून, पाण्यातून येतात. धुरानं यातलं काहीच सुटत नाही. शिवाय फॉर्मलिन कर्करोगकारक आहे आणि ते श्वासात घेणारे आपले मदतनीस अप्पा आणि सफाईच्या मावशीच असतात. टेबल, लाइट, ट्रॉली, जमीन रोज नीट घासून पुसलेली ओटी ही महिन्यातून एकदा धुरी दिलेल्या ओटीपेक्षा कधीही बरी, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं काम केलं ते अँटिबायोटिक वाढवायचं. इंजेक्शन भारीतलं, पाच दिवस. तरीही पू झालाच, फक्त आता त्यातल्या जंतूवर निम्मी औषधं चालेनात. अँटिबायोटिकचा खरा उपयोग चिरा देण्याआधीच्या तासाभरात असतो, म्हणजे चाकू लागतो त्या क्षणी औषध रक्तात हवं. ऑपरेशन संपल्यावर नुसतं संसर्ग होऊ नये म्हणून ते पुढे चालू ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं आहे. आमच्याकडे उलटं चाललं होतं: नंतर पाच दिवस नेमानं, आणि आधीचा डोस कधी वॉर्डात, कधी टेबलावर, कधी विसरलेला. ते आधी दुरुस्त केलं. थोडा फरक पडला, पण आखाजीचा पू काही थांबला नाही.

पू कोणता आहे ते आधी बघा

इथून शोधाला दिशा मिळाली. प्रत्येक पाकलेल्या टाक्याचा स्वॅब, अँटिबायोटिक बदलण्याआधी, कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) गेलाच पाहिजे असं ठरवलं. जंतूचं नाव कळलं की तो कुठल्या वाटेनं आला याचा निम्मा अंदाज येतो.

पिवळा दाट पू आणि रिपोर्टमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस आला, तर कातडी आणि नाक बघायचं, पेशंटचं आणि आपलं दोघांचं. कुणाच्या बोटाला फोड आहे का, नखाजवळ कातडी फाटली आहे का, कुणी नाकावरचा मास्क सारखा ओढतंय का. ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू आले तर पोट उघडताना काय झालं, पेशंटची आंघोळ, शेव्हिंग, कॅथेटर बघायचं. आणि हिरवट पू, पिकलेल्या द्राक्षासारखा गोडसर वास, रिपोर्टमध्ये स्यूडोमोनास, तर सरळ ओलाव्याच्या मागे लागायचं. या जंतूला ओल लागते. नळाची जाळी, बेसिनची मोरी, निर्जंतुक कापडाचा ओला ड्रम (डबा), उघडी औषधाची बाटली, फरशी पुसायचा ओला पोछा ही त्याची घरं.

आमच्याकडे चारपैकी तीन रिपोर्ट स्यूडोमोनासचे आले.

वहीनं सांगितलेली गोष्ट

मग मी ओटी रजिस्टरशेजारी एक साधी शंभर पानी वही ठेवली. ऑपरेशनची वेळ, त्या दिवसातला नंबर कितवा, कोण वॉशअप झालं (हात धुऊन ऑपरेशनला उभं राहिलं), कुणी कोणता नळ वापरला, टॉवेल कुठल्या ड्रममधला, वीज गेली होती का. आणि शेवटच्या रकान्यात तीस दिवसांनी टाक्याची अवस्था. तीस दिवस यासाठी, की ऑपरेशननंतर तीस दिवसांपर्यंतचा संसर्ग ऑपरेशनच्या जागेचाच धरतात, आणि पोटात जाळी किंवा हाडाला प्लेट बसवली असेल तर नव्वद दिवसांपर्यंत. आपल्याकडे पेशंट आठव्या दिवशी टाके काढून गावी जातो आणि पुढचं आपल्याला कळतच नाही. म्हणून मोबाइल नंबर घेऊन मी स्वतः फोन करायचे. पाड्यावर रेंज नसते, तिथं आशाताईंमार्फत निरोप.

दोन महिन्यांची वही घेऊन बसले तेव्हा दिसलं की पाकलेल्या जखमा बहुतेक दिवसातल्या पहिल्या केसच्या होत्या, त्यातही सोमवारच्या. मन म्हणत होतं की पहिली केस तर सगळ्यात स्वच्छ असणार, कारण ओटी रात्रभर बंद. पण रात्रभर, आणि रविवारी दिवसभर, पाईपमधलं पाणीही तसंच उभं होतं.

नळ

उन्हाळ्यात आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवायचं, पुरलं नाही की टँकर. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की त्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला पोळतं. क्लोरीन अशा उन्हात आणि साठवणीत भराभर उडून जातं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असायला हवं. गावातले आरोग्य सेवक ज्या बाटलीनं ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन, पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी) करतात, तीच मागवून आणली आणि बेसिनच्या नळाचं पाणी तपासलं. टाकीत पाणी पडत होतं तिथं पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन होतं. बेसिनच्या नळाला पाणी जसंच्या तसं पांढरं, क्लोरीन नाहीच.

मग अप्पांकडून पाना घेऊन नळाच्या तोंडाची जाळी उघडली. वरून स्टीलची चकचकीत, आतून क्षारांचा पांढरा थर आणि त्यावर काळपट, बुळबुळीत साय. बोटानं ओढली तर दोरीसारखी लांबत आली. आमचे सर्जन सर याच धारेखाली पाच मिनिटं हात धुवायचे, आणि धुऊन झालेल्या हातांवरून शेवटचं पाणी याच जाळीतून यायचं. त्या पाण्याच्या कल्चरमध्येही स्यूडोमोनास आला. पुवातला आणि नळातला जंतू नेमका एकच होता हे सिद्ध करायला त्याहून बारीक तपासणी लागते, ती आम्ही केली नाही. पण थांबायचं कशाला?

जाळी काढून टाकली ती परत बसवलीच नाही. धार थोडी उडते, त्यासाठी नळ हळू सोडायचा. टाकी रिकामी करून घासली, टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) पाण्यानं धुतली, झाकण बदललं. बोअरचं जड पाणी ओटीच्या लाइनीतून तोडलं, कारण त्या क्षारांवरच साय धरते. रोज सकाळी पहिल्या केसच्या आधी दोन्ही नळ काही मिनिटं मोकळे सोडायचे आणि ते पाणी बादलीत धरून फरशीला वापरायचं, आपल्या भागात ते वाया घालवणं मनाला पटत नाही. टाकीत शिल्लक क्लोरीन आहे का ते आठवड्यातून एकदा बघायचं.

पाणी नसलं की जगानं हातावर पाणी घालायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. मी एकदा बाजूला उभी राहून नुसती बघितली. अप्पांनी जग भरला, सरांच्या हातावर ओतला, जग फरशीवर टेकवला, मास्क सारखा केला, तोच जग परत बादलीत बुडवला. फरशीवरची घाण बादलीत आणि बादलीतली सरांच्या धुतलेल्या बोटांवर. अप्पांचा दोष काही नव्हता, त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पाणी धारेनंच हवं असेल तर झाकणाचा, तोटी असलेला स्टीलचा पिंप, त्यात उकळून गार केलेलं पाणी, तो रोज रिकामा करून धुऊन वाळवलेला. जग नको.

बाटली आणि चिटल

जूनपर्यंत बरं चाललं. आता सुटलो असं वाटत असतानाच पुन्हा दोन जखमा पाकल्या, तोच हिरवा पू.

या वेळी सापडली ती स्क्रबची बाटली. पोव्हिडोन आयोडीन, ज्याला आपण सगळे बेटाडीनच म्हणतो, त्याचं आणि क्लोरहेक्सिडीनचं मोठं कॅन येतं, आणि त्यातून बेसिनवरची बाटली रोज वरून भरली जाते. तळाशी महिनोन्‌महिने जुनं तसंच. काही मावशी ते पुरावं म्हणून थोडं पाणीही घालत होत्या. जंतुनाशकात जंतू कसे वाढतील, असं आपल्याला वाटतं, पण पातळ झालेल्या आणि जुन्या जंतुनाशकात स्यूडोमोनास आणि त्याचे भाऊबंद खुशाल जगतात. आता बाटली संपली की ती जाते, किंवा धुऊन पूर्ण कोरडी करून मगच भरली जाते, आणि भरल्याची तारीख पट्टीवर लिहिली जाते. वरून भरायचं नाही.

त्याच फेरीत चिटल फोर्सेप्सची उंच बाटली बघितली. सॅव्हलॉनच्या पाण्यात उभा चिमटा, पाणी कधी बदललं ते कुणालाच आठवेना. याच चिमट्यानं आपण निर्जंतुक टॉवेल ड्रममधून काढतो! आता चिटल कोरडा, बाटलीसकट ऑटोक्लेव्ह केलेला, आणि दर पाळीला नवा.

आणखी एक बारकी गोष्ट, जी मलाही उशिरा कळली. साध्या साबणानं हात धुऊन, साबण पुरता न काढता वर क्लोरहेक्सिडीन घेतलं, तर साबण त्याचा जोर मारतो. आधीचा साबण पूर्ण निघायलाच हवा.

ओला टॉवेल

पावसाळ्यात वीज जाते तशी आमच्याकडे क्वचितच दुसऱ्या कुठल्या ऋतूत जाते. ऑटोक्लेव्हचं चक्र सुरू असताना वीज गेली, जनरेटर लागेपर्यंत वेळ गेला, सकाळच्या केसची घाई, मग निर्जंतुकीकरणाचा वेळ भरला की वाळवण्याचा टप्पा कापून ड्रम बाहेर. उघडला तर आतले टॉवेल दमट. "स्टराइल तर आहे ना, ओलं असलं म्हणून काय झालं?" हे मी स्वतः म्हटलेलं वाक्य आहे.

ओलं कापड हे गाळणीसारखं असतं. कोरड्या कापडातून जंतू सहज आत जात नाहीत, ओल्यातून ओलीबरोबर सरळ पलीकडे जातात. ड्रम बाहेर काढून फरशीवर टेकवला, बाहेरून हात लागला, की आतलं निर्जंतुक राहिलं असं धरताच येत नाही. हात पाच मिनिटं धुऊन अशा टॉवेलला पुसले तर धुण्याचा अर्थ काय उरला? तसंच टेपचं. ऑटोक्लेव्ह टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे ड्रम तापला एवढंच कळतं. आत मध्यभागी वाफ पोचली का, ते कळायला गठ्ठ्याच्या पोटात इंडिकेटर ठेवावा लागतो. ड्रम दाबून भरायची सवयही मोडावी लागली. बंद मुठीसारखा भरलेला ड्रम आतून कधी तापत नाही.

आता नियम एकच: दमट निघाला तर पूर्ण ड्रम परत. त्या दिवशीची ठरलेली केस तासभर पुढे गेली तरी चालेल. पहिल्यांदा मी असं सांगितलं तेव्हा सर घड्याळाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता तर थांबतो." तो तास मला अजून आठवतो.

हात

आता मुख्य काम. खरं सांगायचं तर हात धुणं आम्हा सगळ्यांना येतं असं आम्ही धरूनच चाललो होतो.

एका शनिवारी दुपारी केस नव्हत्या, तेव्हा सगळ्यांना ग्लोव्ह घालायला लावले, तळव्यावर पोस्टर कलरचा निळा रंग चमचाभर दिला, डोळ्यांना रुमाल बांधला आणि म्हटलं, हाच साबण समजून रोजच्यासारखे हात चोळा. रुमाल सोडले तेव्हा कुणी बोलेना. तळवे निळेशार, हाताची मागची बाजू बरी, पण अंगठे मुळाशी पांढरे, बोटांची टोकं पांढरी, करंगळीची बाहेरची कड पांढरी, बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या रेघा. माझ्या उजव्या अंगठ्याचा अर्धा भाग तसाच होता. टाका घालताना सुई धरतात ती हीच टोकं आणि हाच अंगठा. बावीस वर्षं मी रोज हात धुते आहे.

हा खेळ प्रत्येक ओटीनं करून बघावा. खर्च पन्नास रुपयांचाही नाही आणि कुणाला काही बोलावं लागत नाही, रंगच बोलतो.

पद्धत थोडक्यात. अंगठी, घड्याळ, कडं, धागा सगळं बाहेर. नखं बोटाच्या टोकाच्या आत, नेलपॉलिश नाही. दिवसाच्या पहिल्या धुण्यात नखांखालचा मळ नखकोरणीनं वाहत्या पाण्याखाली काढायचा. ब्रशनं कातडी घासायची नाही. दहा मिनिटं करकरून घासणं हे आम्ही शिकलो तेव्हा पुण्याचं काम होतं, पण ब्रशनं कातडी सोलवटते, सोलवटलेल्या कातडीत जंतू जास्त बसतात आणि जास्त झडतात. औषध चोळायला दोन ते पाच मिनिटं पुरतात, बाटलीवर जेवढी लिहिली असतील तेवढी. आधी बोटं, एकेक बोट चारी बाजूंनी, मग बेचकी, तळवा, मागची बाजू, मनगट, मग कोपरापर्यंत. एकदा कोपराकडे गेलेला हात परत बोटांकडे आणायचा नाही. पाणी नेहमी बोटांकडून कोपराकडे वाहील असे हात वर धरायचे, कोपर सगळ्यात खाली.

चूक इथंच होते, धुऊन झाल्यावर. पेशंटला स्पाइनल (पाठीतून भुलीचं इंजेक्शन) द्यायला वेळ लागतोय, सर हात धुऊन दारात उभे, बोलता बोलता हात कमरेखाली आले आणि कोपरावरचं मळकं पाणी ओघळून बोटांवर आलं. कुणाच्या लक्षातही येत नाही. हात कमरेच्या वर, खांद्याच्या खाली, अंगापासून दूर. पुसताना टॉवेलच्या एका टोकानं एक हात, बोटांपासून कोपराकडे, आणि दुसऱ्या टोकानं दुसरा. कोपर पुसलेलं टोक परत बोटांना लावलं तर सगळी मेहनत त्या एका पुसण्यात गेली. "सर, परत धुवा," एवढं तीन शब्दांचं वाक्य म्हणायचा अधिकार ओटीतल्या सगळ्यात नव्या सिस्टरला असला पाहिजे. आमच्याकडे आता तो आहे आणि सरांनीच तो सगळ्यांसमोर दिला.

बांगड्यांचं मात्र जपून घ्यावं लागतं. आमच्याकडे नव्यानं लागलेली एक सिस्टर, लग्नाला दोन महिने, हातात हिरवा चुडा. तिला "काढ" म्हणणं सोपं नव्हतं, सासूबाईंना काय सांगायचं हा तिचा प्रश्न खरा होता. दुसऱ्या कुणाच्या मनगटाला मनुदेवीचा धागा, कुणाच्या सप्तशृंगीचा. हुकूम काढून हे होत नाही. बेसिनशेजारी फळीवर देवीचा फोटो आहे, त्याच्यासमोर प्रत्येकीच्या नावाची छोटी स्टीलची डबी ठेवली. कामाला लागताना बांगड्या, धागा त्या डबीत, निघताना परत हातात. चुडा घट्ट होता तिथं तिनंच घरी बोलून कामापुरत्या सैल बांगड्या घेतल्या. कातडीला घट्ट चिकटलेलं काहीही, मग ते कितीही पवित्र असो, त्याखाली ओल आणि जंतू राहतात, हे समजावून सांगितलं की कुणी हट्ट करत नाही, असा माझा अनुभव आहे.

पाणी नसेल तर

यावरचं सगळ्यात चांगलं उत्तर आम्ही सगळ्यात शेवटी स्वीकारलं: अल्कोहोलचं हँडरब. पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसेल तिथं ऑपरेशनच्या आधी अल्कोहोल रबच बरा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर आधी तयार नव्हते. "एवढी वर्षं घासलं, आता नुसतं लावून काय होणार?" त्यांना मी फ्रान्समधला २००२ साली छापून आलेला अभ्यास दाखवला. रुग्णालयांतले सहा सर्जरी विभाग, चार हजारांवर ऑपरेशन्स. घासून धुतलेल्या हातांच्या गटात संसर्ग २.४८ टक्के आणि अल्कोहोल चोळलेल्या गटात २.४४ टक्के. म्हणजे घासण्यात काही कमी पडत नव्हतं, पण रबही कुठं कमी पडला नाही. आणि त्याला आमच्या टाकीतलं पाणी लागत नाही.

पण रब लावायचीही शिस्त आहे. ओटीत आल्यावर दिवसातून एकदा साध्या साबणानं हात आणि नखं स्वच्छ धुवायची आणि हात पूर्ण कोरडे करायचे. ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होतं आणि त्याचा जोर जातो, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. मग डाव्या तळव्यात साधारण पाच मिलिलिटर घ्यायचं, पंप दुसऱ्या हाताच्या कोपरानं दाबून. उजव्या हाताची बोटांची टोकं त्यात पाच सेकंद बुडवायची, मग तेच उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत गोल गोल चोळायचं, सुकेपर्यंत. तसंच दुसऱ्या हाताला. तिसऱ्यांदा घेऊन फक्त पंजे आणि मनगटं, अंगठ्यासकट सगळ्या बाजू. हात आपोआप वाळले की मगच गाऊन आणि ग्लोव्ह. टॉवेलनं पुसायचं नाही, फुंकर मारायची नाही. हात ओला असताना कॉटरी (विजेनं जाळून रक्त थांबवायचं यंत्र) जवळ आली तर भडका उडू शकतो, म्हणून वाळणं दोन्हीसाठी हवं. हाताला रक्त किंवा मळ दिसत असेल तर आधी पाण्यानं धुणं आलंच.

रबमध्ये ग्लिसरीन असतं, त्यामुळे हात भेगाळत नाहीत. याचं महत्त्व मोठं आहे. उन्हाळ्यात सारखे धुऊन धुऊन आमच्या हातांना चिरा पडायच्या, आणि चिरा पडलेला हात कितीही धुतला तरी पूर्ण स्वच्छ होत नाही. नर्सच्या हातांची ही व्यथा जुनी आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅरोलाइन हॅम्प्टन या ओटी नर्सच्या हातांची कातडी पाऱ्याच्या जंतुनाशकानं सोलवटली, म्हणून सर्जन हाल्स्टेड यांनी १८८९-९०च्या सुमारास तिच्यासाठी पातळ रबरी ग्लोव्ह करून घेतले. ते आधी तिच्या हातांसाठी होते. पेशंटलाही त्यांचा फायदा होतो हे मागून लक्षात आलं.

ग्लोव्ह आहेत म्हणून हात कसेही धुतले तर चालतात असं मात्र नाही. आतल्या ऊबदार ओलाव्यात उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि ग्लोव्हला भोकं पडतात, पुष्कळदा कळतही नाहीत. डाव्या हाताची तर्जनी सगळ्यात जास्त, कारण उजव्या हातातली सुई तिच्याकडे येते. लांबलेल्या केसमध्ये दोन ग्लोव्ह एकावर एक, आणि बाहेरचा मध्येच बदललेला बरा.

पेशंटच्या बाजूनं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा सकाळी साबणानं आंघोळ. केळीच्या बागेत काम करणाऱ्यांच्या अंगावरचे काळे डाग चिकाचे असतात, ते निघावेत म्हणून कुणी कातडी खरवडू नये. घरी ब्लेडनं केस काढून येऊ नये, त्यानं बारीक चिरा पडतात आणि त्यात रात्रभर जंतू वाढतात. गरज असेल तरच क्लिपरनं, ऑपरेशनच्या आधी. साखर तपासलेली असावी. पेंटिंग केल्यावर (कातडीला जंतुनाशक लावल्यावर) औषध वाळू द्यावं, पुसू नये.

एक प्रकार यात बसत नाही, तो वेगळा ओळखायचा. टाके छान भरले, पेशंट घरी गेला, आणि तीन-चार आठवड्यांनी दुर्बिणीच्या भोकाशी किंवा जाळी बसवलेल्या जागी गाठ येऊन पातळ पाणी गळायला लागलं, नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि नेहमीच्या अँटिबायोटिकनं काही फरक नाही, तर ते क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले, पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरिया असू शकतात. अशा वेळी प्रयोगशाळेला तसं स्पष्ट लिहून नमुना पाठवावा, कारण सांगितल्याशिवाय ते कल्चर लावत नाहीत. आणि त्याच दिवशी बघावं की दुर्बिणीची हत्यारं जंतुनाशकातून काढून कुठल्या पाण्यानं धुतली जातात. नळाच्या पाण्यानं धुतली जात असतील तर ते तिथल्या तिथं बंद करायचं, निर्जंतुक पाणीच वापरायचं, आणि गेल्या तीन महिन्यांतल्या दुर्बिणीच्या सगळ्या पेशंटना फोन लावायला बसायचं.